आप्पांची पेटी : दुरुस्तीच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज माळ्यावरून पेटी, म्हणजे हार्मोनियम, खाली उतरवली. माझे वडील, आप्पा, २०११ च्या पावसाळ्यात गेले, तेव्हापासून ती गोधडीत गुंडाळून ठेवलेली होती. मधल्या वर्षांत दोनदा घराला रंग दिला, तेव्हा फक्त जागा बदलली; उघडली कुणीच नाही.

कारण गेल्या वर्षीच्या सप्ताहाचं. मंडळाने कुणाचातरी कीबोर्ड आणला होता. हरिपाठ रंगात आला आणि लाईट गेली. पखवाज चालू, टाळ चालू, विणेकरी मधोमध उभा, पण सूर गेला. गाणारे एकेक करून आवाज खाली आणत गेले. मी तिथेच बसलो होतो आणि आमची पेटी तिथून दोनशे पावलांवर माळ्यावर पडून होती. ती गोष्ट वर्षभर मनात टोचत राहिली.

यंदा सप्ताह ५ एप्रिलला बसणार, हनुमान जयंतीला, १२ तारखेला, काल्याचं कीर्तन. म्हणजे आठ आठवडे हातात आहेत. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान अंमळनेरला. संध्याकाळी सातला शटर खाली आलं की घरी येऊन रोज दोन तास, आणि रविवार पूर्ण. पेटीचं काम मी कधी केलेलं नाही. पण जळालेला स्टेटर उघडून, तारा मोजून, होता तसा परत भरायचा, हे पंचवीस वर्षं करतोय. उघडताना जे दिसेल ते लिहून ठेवायचं, ही सवय तिथलीच. म्हणून या नोंदी.

१२ फेब्रुवारी

वरचं झाकण आणि पट्ट्यांवरची फळी काढली. सव्वातीन सप्तकांची, ३९ पट्ट्यांची पेटी, दुहेरी सुरांची. म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर, एक नर आणि एक त्याच्या खालच्या सप्तकातला खर्ज. एकूण ७८. पेटी सागाची, कोपऱ्यांचे सांधे अजून घट्ट.

आतल्या भात्याच्या कोपऱ्यात उंदराचं घर निघालं. सगळा कापूस, सरकीसकट. आमच्या घरात दिवाळीपासून मार्चपर्यंत कापसाचे ढीग असायचे, त्यातलाच असणार. त्याने भात्याचे दोन कोपरे कुरतडले आहेत आणि एका घडीचा पुठ्ठा.

हवेची चाचणी घेतली. हवेचा रस्ता उघडणाऱ्या सगळ्या खुंट्या आत, पट्टी एकही दाबायची नाही, भाता पूर्ण भरायचा आणि आतला भाता खाली बसायला किती वेळ लागतो ते मोजायचं. चार सेकंद. हा आकडा इथे लिहून ठेवतो, शेवटी परत मोजीन.

आणि एक सापडलं. सूरपट्टीच्या, म्हणजे सूर जिच्यावर बसवतात तिच्या, खालच्या फळीवर, जिथे उघडल्याशिवाय नजर जात नाही, तिथे पेन्सिलीने लिहिलंय: "सूर मिळवले. चैत्र १९७४." अक्षर आप्पांचं. आप्पा पेटी वाजवायचे हे गावाला माहीत आहे. सूर स्वतः मिळवायचे हे मला माहीत नव्हतं. मायला दाखवलं. तिने फळीवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता चहा टाकायला गेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळे सूर काढले. प्रत्येक सूर म्हणजे पितळेची पट्टी, तिच्यात एक लांबट खाच, आणि खाचेवर एका टोकाला रिव्हेट केलेली पातळ पितळी जीभ. दोन स्क्रूंवर सूरपट्टीला बसवलेली. स्क्रू लोखंडी, बरेचसे गंजलेले. गरम केलेलं डिसमिस टेकवून सैल केले, जबरदस्ती केली नाही.

अंड्यांच्या ट्रेमध्ये ७८ खण केले, प्रत्येकाला नंबर आणि न किंवा ख. मोजणी अशी: ५८ वाजतात, १४ मुके किंवा घोगरे आहेत पण शाबूत, ४ तुटलेले, २ मुळाशी तडा गेलेले. तुटलेले चारही मधल्या सप्तकातले. भजनात हात सर्वात जास्त तिथेच फिरतो.

१९ फेब्रुवारी

सुरतच्या एका दुकानाला फोन करून आठ सूर आणि पट्ट्यांखालची बनात (जाड लोकरी कापड) मागवली. सूर पालिताण्याचे. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातलं हे तीर्थाचं गाव. तिथे पेटीचे सूर घडवणारे कारागीर आहेत आणि देशभरच्या पेट्यांत त्यांचा माल जातो. सुरतची गाडी अंमळनेरवरून जातेच, पार्सल चार दिवसांत येईल म्हणाले.

२३ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर साफसफाई. मुक्या सुरांत बहुतेक नुसती धूळ होती. जीभ आणि खाच यांच्यामधली फट केसाएवढी असते, त्यात कण अडकला की जीभ हलतच नाही. स्पिरिटमध्ये बुडवलेली वहीच्या कागदाची पट्टी फटीतून एकदा सरकवली की झालं. १४ पैकी ११ सूर एवढ्यावरच बोलायला लागले. उरलेल्या तिघांची जीभ खाचेच्या कडेला घासत होती. रिव्हेटजवळ हलकेच ढकलून मधोमध आणली.

जीभ कशी बोलते हे आज नीट कळलं. तिचं टोक खाचेपासून किंचित वर उचललेलं असावं लागतं. हवा खाचेतून जाताना तिला आत ओढते, ती स्वतःच्या ताठपणाने परत येते, पुन्हा ओढली जाते. सेकंदाला शेकडो वेळा. टोक फार वर असलं तर सूर उशिरा उठतो, फार खाली असलं तर जोराच्या हवेला दबून गप्प बसतो. माझ्याकडे मोटारीच्या बेअरिंगची फट मोजायचं फीलर गेज आहे. त्याची सगळ्यात पातळ पात जिभेखाली आधाराला अचूक बसते. हे हत्यार पेटीच्या कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मुलीला (आठवीत आहे, अंमळनेरला गाण्याच्या क्लासला जाते) हे सगळं दाखवत होतो. तिने विचारलं, पेटी आपलीच का? मूळ आपली नाही. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने हवा भरायची, खुर्चीवर बसून वाजवायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर आणलं. भाता मागे, हाताने हलवायचा, मांडी घालून बसायचं. त्या एका बदलाने ती आपल्या बैठकीत बसली. नाटकात गेली, तमाशात गेली, कीर्तनात गेली. शास्त्रीय संगीतातल्या जाणकारांना मात्र ती खटकत राहिली, कारण तिच्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) नाही आणि स्वर ठरलेल्या जागी खिळलेले. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली.

एकतीस वर्षं रेडिओवर पेटी नव्हती. त्याच काळात आप्पा पेटी शिकले, गावच्या मारुतीच्या देवळात, एका फिरत्या नाटक मंडळीतून परत आलेल्या माणसाकडून. बंदी कुठेतरी दिल्लीला होती. इथे काकडा रोज पहाटे पेटीवरच सुरू होत होता.

२ मार्च, रविवार

भात्याचं काम. दुकानात एक पोरगा आहे, सातपुड्यातल्या धडगावकडचा, पावरा आदिवासी. दोन वर्षांपासून माझ्याकडे कॉइल भरतो. त्याला मदतीला बोलावलं, कारण कातडं मला जमत नाही. त्याच्या घरी ढोल आहे, वडील वाजवतात. कातडं भिजवायचं किती, ओढायचं कुठल्या बाजूने, वाळताना कुठे आकसणार, हे त्याला न सांगता कळतं.

जुने कोपरे उकलले. सरस पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवला, थेट आचेवर नाही, जळला की पकड जाते. पांढरा गोंद हाताशी होता, सोपा होता. पण सरसाचं एक आहे, उद्या कुणाला परत उघडायची असेल तर वाफ दिली की सुटतो. आप्पांनी सरस वापरला होता म्हणून तर आज मला भाता फाडावा लागला नाही.

पोरग्याने कातड्याच्या कडा काचेच्या तुकड्याने इतक्या पातळ खरवडल्या की चिकटवल्यावर सांधा बोटाला लागत नाही. मी म्हटलं, हे कुठे शिकलास? म्हणाला, "भाऊ, कड जाड राहिली तर पहिलं तिथूनच उठतं. ढोलचं पण तसंच."

रात्रभर भाता मिटवून वर विटा ठेवल्या.

५ मार्च

सुरतचं पार्सल आलं. आठपैकी एक चुकीच्या सप्तकाचा. बदलून द्यायला फोन केला, "बघतो" म्हणाले. बाकी सात पुरतात, पण एकच जास्तीचा राहिला.

९ मार्च, रविवार

अगरबत्तीची चाचणी. भाता भरून सांध्यांवरून पेटती अगरबत्ती सावकाश फिरवायची; धूर जिथे थरथरतो तिथे गळती. भात्याचे नवे कोपरे पक्के. पण सूरपट्टीच्या फळीला उभी बारीक चीर निघाली, एका कोनाड्यातून शेजारच्या कोनाड्यात जाणारी. म्हणून पांढरी दोन (सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी) दाबली की शेजारची काळीही कण्हत होती. तेरा उन्हाळे माळ्यावर, पत्र्याखाली. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. लाकूड वाळून आकसतं आणि रेषेरेषेने फाटतं.

सागाचा भुसा मलमलीतून चाळला, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेत कालवला, चिरेत तीनदा भरला, प्रत्येक वेळी वाळू दिला. वरून कातड्याची पातळ पट्टी.

११ मार्च

पोरगा होळीला गावी गेला. होळीच्या आधीचा भोंगऱ्याचा बाजार त्याला चुकवायचा नव्हता. जाताना सांगत होता, काठी गावच्या होळीला कितीक गावांचे ढोल येतात; रात्रभर वाजतात आणि होळी पहाटे पेटते. ढोल सैल वाटला की जाळाजवळ धरायचा, कातडं परत ताठ होतं. मी विचारलं, एवढ्या ढोलांत आपल्या गावचा ढोल ओळखू येतो का? तो म्हणाला, "अंधारात पण. लांबूनच कळतं, आपले लोक कुठे नाचतायत."

हे वाक्य मी त्या दिवशी नुसतं लिहून ठेवलं. पुढच्या आठवड्यात त्याचा अर्थ वेगळाच लागला.

१६ मार्च, रविवार

आजची नोंद लिहायला जड जातेय.

सगळे सूर परत बसवले, नवे सहाही. भात्याची चाचणी: ३१ सेकंद. चाराचे एकतीस! आनंदात लगेच सूर मिळवायला बसलो. फोनवर ट्यूनर. पांढरी सहा, म्हणजे ज्याची वारंवारता आज सगळीकडे ४४० हर्ट्झ धरतात, ती ४४७ दाखवत होती. तिचा खर्ज २२३.५. बाकीचे जुने सूरही त्याच बेताने वर. अर्ध्या स्वराच्या पावभागापेक्षा थोडा जास्त चढ. मला वाटलं, इतकी वर्षं पडून पेटी चढली. नवे सूर ४४० चे आलेत, तर सगळी पेटी ४४० वर आणू.

सूर चढवायचा तर जिभेच्या टोकाजवळ हलकी कानस मारायची. टोकाचं वजन कमी झालं की जीभ जलद हलते. उतरवायचा तर मुळाजवळ खरवडायचं. तिथला ताठपणा गेला की ती मंदावते. मला उतरवायचे होते, म्हणून मुळाशी खरवडत गेलो. चार सूर उतरले. पाचवा पांढरी पाचचा नर. थोडंसं राहिलंय म्हणून अजून एकदा कानस फिरवली, पट्टी दाबली, एक क्षण सूर आला आणि 'टक्'. जीभ रिव्हेटपाशी तुटून खाचेत पडली. पन्नासहून जास्त वर्षं वाजलेला सूर माझ्या हातून गेला.

तुटलेली जीभ भिंगाखाली धरली. मुळाशी माझे ताजे चकचकीत ओरखडे. आणि टोकाला जुने, काळवंडलेले, एकाच दिशेचे बारीक ओरखडे. मग शेजारचा सूर काढला, तिथेही टोकाला. मग दुसरा. रात्री साडेबारापर्यंत जुने सगळे सूर बघितले. प्रत्येकाच्या टोकाला कानस लागलेली, मुळाशी एकालाही नाही.

म्हणजे पेटी पडून चढलेली नव्हती. कुणीतरी मुद्दाम, एकेक सूर हातात घेऊन चढवली होती.

१७ मार्च

सकाळी मायला विचारलं. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "ती चढायेलच शे. तुन्हा आप्पानीच चढाई."

मग सगळं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर आपल्या गावाला आणि नदीपलीकडच्या गावाला वेगवेगळा सप्ताह झेपत नव्हता. म्हणून दोघांनी मिळून एकच बसवला. मांडव एक, विणा एक, पण पेट्या दोन, कारण दोन्ही गावच्या पेटीवाल्यांना बाजूला कोण बसवणार? पहिल्याच रात्री दोन्ही पेट्या भांडल्या. त्यांची चढी, आपली उतरलेली. आप्पांनी त्यांना उतरवा म्हटलं नाही. तीन रात्री जागून आपली चढवली. मुळाशी खरवडण्यापेक्षा टोकाला कानस मारणं जिभेला कमी धोक्याचं, हे त्यांना माहीत असणार. जे मला काल सूर तोडून कळलं.

माय म्हणाली, आप्पा म्हणायचे, "दोन्ही पेट्या बहिनी शेतस. येक रडनी ते दुसरीनी बी रडाले जोयजे."

चैत्र १९७४. फळीवरची पेन्सिल.

दुकानात दिवसभर हात चालू होते, पण डोक्यात तेच होतं. मी ज्याला बिघाड समजून खरवडत होतो, तो दोन गावांनी एकत्र बसता यावं म्हणून केलेला बदल होता.

२३ मार्च, रविवार

नदीपलीकडच्या गावी गेलो, मुलीला घेऊन. बोरी नदीच्या पात्रात पाणी नाहीच, मोटारसायकल सरळ पात्रातून घातली. त्यांची पेटी देवळाच्या खोलीत असते. वाजवणारे बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी नाव सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "तुन्हा आप्पानी पेटी जित्ती शे का आजून?"

आहे म्हटल्यावर त्यांनी पेटी पुढे ओढली. त्यांच्या पेटीचा भाता गळतोय, तळाशी चिकटपट्ट्या लावल्यात, पण सूर जिवंत. फोन ठेवला. पांढरी सहा: ४४६, कधी ४४७. मुलीने माझ्याकडे बघितलं.

बाबांनी भैरवीतली एक गौळण सुरू केली. बोटं थरथरतात, पण पट्टीवर टेकली की थांबतात. वाजवून झाल्यावर म्हणाले, आप्पा गेल्यापासून तुमच्या गावच्या सप्ताहाला आमची पेटी येत नाही. एकटी आणून काय करायची? आमच्याकडून बोलावणंच गेलं नव्हतं, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. त्यांना यंदाचं निमंत्रण दिलं. राम कृष्ण हरी म्हणून निघालो.

येताना मुलगी मागे बसून म्हणाली, क्लासमधली पेटी ४४० ची आहे, तानपुऱ्याचं अॅपही ४४० वर. मग ही ४४७ ठेवली तर मी घरी रियाज कशावर करू? प्रश्न रास्त आहे. वाळूत गाडी चालवताना उत्तर सुचलं नाही.

२४ मार्च

उत्तर तिनेच शोधलं. अॅपमध्ये सूर थोडा वर-खाली करायची सोय आहे, सेंटमध्ये. अर्ध्या स्वराचे शंभर भाग म्हणजे शंभर सेंट. ४४० पासून ४४७ पर्यंत साधारण २७ सेंट. तिने तानपुरा २७ ने चढवला, आप्पांच्या पेटीची काळी एक धरली. दोन्ही एकमेकांत मिसळून गेले.

ठरलं. पेटी ४४७ वर. माझे उतरवलेले चार सूर टोकाला कानस मारून परत वर आणायचे, नवे सहाही चढवायचे, आणि तुटलेल्याच्या जागी तो उरलेला एक.

२६ ते २९ मार्च

रोज रात्री सूर. फोनच्या काट्यावर ढोबळ, शेवटचं कानाने. नर आणि खर्ज एकत्र वाजवले की दोघांत थोडा जरी फरक असला तरी आवाजाला हेलकावे येतात. शाळेच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. वॉव्-वॉव्-वॉव् असं ऐकू येतं. सूर जवळ येतो तसे हेलकावे लांबतात आणि मग एका क्षणी आवाज सपाट होतो, तळ्याच्या पाण्यासारखा. त्या क्षणी हात थांबवायचा. मी आता एका वेळी दोनच घासे मारतो, मग सूर बसवून ऐकतो, मग पुन्हा काढतो. घासलेली जीभ गरम असते, लगेच मोजली तर फसवते. दोन मिनिटं थांबायचं.

मुलीची तक्रार अशी की तानपुऱ्यावर पेटीचा गंधार टोचतो. तिचा कान बरोबर आहे. पेटीतले बारा स्वर सारख्या अंतराचे मांडलेले असतात, म्हणजे कुठलीही पट्टी सा धरून वाजवता येते. त्याची किंमत म्हणून शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा राहतो. जाणकारांचा पेटीवरचा जुना आक्षेप यावरही होता. डॉ. विद्याधर ओक यांनी याच कारणासाठी २२ श्रुतींची पेटी केली. भजनात मात्र एक बुवा काळी एक घेतात, बायकांचं मंडळ काळी पाच, पाहुणे कीर्तनकार आणखी तिसरीच. एका रात्रीत तीन सा. म्हणून बारा सारखे स्वरच ठेवले आणि तिला सांगितलं, गंधार पेटीकडून घेऊ नकोस, तानपुऱ्याकडून घे.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढीखाली पेटी ठेवली, हळदकुंकू वाहिलं. ७८ पैकी ७८ बोलतात. पोरगा होळीहून परत आलाय, त्यानेही येऊन भाता हलवून बघितला; कोपऱ्यांवर अंगठा फिरवला, मान हलवली.

मायने सांगितलं, "वाजाड." मला नीट येत नाही, हरिपाठाची चाल तेवढी येते. तीच वाजवली. तिने डोळे मिटले होते. एका जागी मी पट्टी चुकलो तेव्हा तिने न बघता आप्पांची खरी जागा गुणगुणून दाखवली. इतकी वर्षं तिच्याजवळ ती चाल होती आणि मी कधी विचारली नव्हती.

३ एप्रिल

चपडा लाखेचं पॉलिश, चार हात. दुपारी बाहेर पाऱ्याने चाळिशी ओलांडलेली, स्पिरिट लावता लावता उडतं आणि डाग पडतात. म्हणून पहाटे पाचला काम. मुठीजवळ आप्पांच्या अंगठ्याने लाकूड झिजून खोलगट झालंय. तिथे घासलं नाही, भरलं नाही. लाखेचा एक हात देऊन तसंच सोडलं.

५ एप्रिल

सप्ताह बसला. पहाटेच्या काकड्याला पेटी देवळात. आमच्या मंडळातला एक कॉलेजचा पोरगा वाजवतोय, हात चांगला आहे. पखवाज आमच्या पेटीला लावून घेतला. वादकाने गठ्ठे ठोकता ठोकता मान वर करून विचारलं, पेटी जरा चढी आहे का? म्हटलं, आहे, तशीच ठेवलीय.

८ एप्रिल

रात्री कीर्तनात काळी तीनचा खर्ज उशिरा उठतोय. घरी आणून जिभेचं टोक किंचित खाली दाबलं. पहाटेच्या आत परत पोचवली.

११ एप्रिल

नदीपलीकडची मंडळी आली, पेटीसकट. बाबांना चौघांनी हात धरून टेम्पोतून उतरवलं. दोन्ही पेट्या विण्याच्या दोन बाजूंना ठेवल्या. आमचा कॉलेजचा पोरगा इकडे, बाबा तिकडे. पहिला सूर दोघांनी एकदम धरला. हेलकावा होता, सेकंदाला एखादा, अगदी मंद. ४४६ आणि ४४७. मी मंडपाच्या खांबाला टेकून उभा होतो, डोळे भरून आले.

हरिपाठाच्या मध्यात लाईट गेली. माईक बंद, पंखे बंद. पेट्या दोन्ही चालू होत्या. अंधारात लोक तसेच गात राहिले, आणि मागे ओट्यावर बसलेल्या माणसांनीही आवाज उचलला, कारण आता माईक नव्हता. लाईट परत केव्हा आली ते नीट आठवत नाही.

१३ एप्रिल, रविवार

काल काला झाला. पेटी घरी. आता ती माळ्यावर जाणार नाही. देवळीजवळ चौरंगावर, आणि मुलगी रोज शाळेतून आली की अर्धा तास.

वरची फळी शेवटचं काढली, स्क्रू तपासायला. मुलीकडे पेन्सिल दिली. आप्पांच्या ओळीखाली तिने लिहिलं: "सूर मिळवले. चैत्र २०२५. पांढरी सहा ४४७. नदीपलीकडच्या गावच्या पेटीशी."

बाकी काम: पांढरी पाचच्या नव्या नराला आवाज थोडा पातळ आहे, सुरतहून बदली आली की बघू. बाबांच्या पेटीचा भाता पूर्ण नवा करावा लागेल. पावसाळ्यात सरस वाळत नाही, म्हणून दसऱ्यानंतर आणतो सांगितलंय. तोवर त्यांच्या तळाच्या चिकटपट्ट्या काढून कातड्याचे दोन तुकडे लावून आलो. त्यांची पांढरी सहा ४४६ आहे, तिला हात लावलेला नाही.